मिस्टर गेले

हेंडरसन, ऑकलंड, रविवार, २० जुलै २०२५

सुलेखाताई, नमस्कार.

फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंय, म्हणून कागद घेतला. चौदा वर्षांत इथून कोणालाही पत्र घातलेलं नाही. पोस्टातल्या मुलीने दोनदा विचारलं, आत फक्त कागदच आहेत ना? फक्त कागदच आहेत, ताई. फाडायचं असेल तर निदान वाचून फाडा.

आधी माफी. पाच जुलैला 'आपली माणसं' ग्रुपवर माझा जो मेसेज आला, 'मिस्टर गेले. ईशा रडून रडून बेजार. मला काही सुचत नाहीये. नंतर बोलते,' तो ह्यांच्याबद्दल नव्हता. तुमचा धाकटा भाऊ त्या वेळी दूध पावडरच्या कारखान्यात शिफ्टवर होता, डोक्याला जाळीची टोपी लावून, ठणठणीत. मिस्टर म्हणजे ईशाच्या फुटबॉल क्लबचे कोच. गेले म्हणजे इटलीला गेले, विमानाने, बायकोसकट.

लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. मिस्टर म्हणजे नवरा, हे मला काय माहीत नाही? पुण्यात ऑफिसात मीच सांगत फिरायचे, 'आमचे मिस्टर कोल्हापूरचे.' पण इटलीत फुटबॉलच्या कोचला मिस्टर म्हणतात. नाव नाही, सर नाही, नुसतं मिस्टर. तिकडे पहिले कोच इंग्लंडहून आले होते, तेव्हापासूनची रीत, असं ते सांगायचे. आल्या दिवशी त्यांनी पोरींना गोल उभं केलं आणि म्हणाले, "नो कोराडो, नो कोच. मिस्टर." झालं. त्या दिवसापासून लहानथोर सगळे मिस्टर म्हणायला लागले. कोपऱ्यावरच्या डेअरीचा पंजाबी मालकसुद्धा. (इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात.) "किया ओरा, मिस्टर!" असा माओरी नमस्कार तो गल्ल्यावरून ओरडायचा आणि पैसे न घेता दूध हातात ठेवायचा.

आणि कोराडो म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. कोराडो व्हेनेरी. पेठेतल्या घरात ह्यांच्या खाटेवर भिंतीला ज्याचा फोटो चिकटवलेला होता, क्रीडा मासिकाच्या मधल्या पानाचा, तोच. तालमीच्या फुटबॉल टीमची पोरं त्याला 'कोरड्या' म्हणायची आणि आई म्हणायच्या, ह्या कोरड्याला आता उतरव, भिंतीचा रंग सोलतोय. लग्न होऊन मी आले तेव्हाही तो तिथेच होता. नव्या नवरीला पहिल्या रात्री परपुरुष बघत होता, असं तुम्हीच हसून म्हणाला होतात.

तो मेसेज इथल्या मराठी आयांच्या ग्रुपवर जायचा होता. पापाटोएटोची देवयानी आणि आम्ही चौघी-पाचजणी आहोत, सगळ्यांच्या मुली त्याच क्लबात. दोन्ही ग्रुप वरखाली होते. बोट चुकलं. फोनमध्ये चार टक्के चार्ज होता, तो गाडीतच राहिला. मी घरी येऊन आडवी झाले ती सकाळीच उठले. ईशाच्या फोनवर तुमचे फोन येत होते, पण ही पोर +९१ ने सुरू होणारा नंबर दिसला की स्कॅम म्हणून कापते. ह्यांचा फोन कारखान्याच्या लॉकरमध्ये. आत नेता येत नाही.

बारा तास. बारा तासांत तुमच्याकडे काय काय झालं ते तुमच्या अक्षतने सांगितलं. सगळ्यांच्या अंघोळी झाल्या. आईंनी चूल पेटवू दिली नाही. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. मी त्या फ्लेक्सचा फोटो पाहिला आणि बाथरूममध्ये जाऊन बसले.

तुम्ही मला बोला, हवं ते बोला. पण आईंशी एकदा बोलू द्या. चौदा वर्षं दर रविवारी मी त्यांना फोन केलाय, दोन रविवार सुने गेले. मी त्यांच्या मुलाचं मरण चिंतलं असं त्यांच्या मनात राहायला नको. बाकी काही मागत नाही.

तुमची
निवेदिता


हेंडरसन, रविवार, १० ऑगस्ट

ताई,

अक्षतने तुमच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच आहे, एक काना इकडचा तिकडे नाही. 'पत्र मिळाले. बोट चुकते, मान्य. पण माझा भाऊ दोन वर्षे वेगळा राहतो, हे कोणत्या बोटाने लपवलेस? आणि परक्या पुरुषाला मिस्टर म्हणताना तुला काहीच वाटले नाही? आईला त्रास देऊ नये.'

बरोबर आहे. विद्यार्थिनी म्हणून उभी राहते आणि उत्तरं देते.

दुसरा प्रश्न आधी, तो सोपा आहे. तुमच्या मनात जे आलं ते तसं नाही. मिस्टर बासष्ट वर्षांचे. कमरेचं हाड बदललेलं. चालताना डावा पाय ओढायचे. बायको इथलीच, ती प्रत्येक सामन्याला जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, फटफटवत यायची आणि त्यांना औषधाची आठवण करायची. संघाचं म्हणाल तर त्यांच्या हाताखाली आम्ही एका वर्षी सहावे आलो आणि एका वर्षी पाचवे. कप नाही, ढाल नाही. तरी त्यांना निरोप द्यायला मैदानावर पाचशे माणूस होतं. तीस वर्षांपूर्वीचे, त्यांच्या नावाचे टीशर्ट घालून ऑकलंडभरातून बाप्ये आले होते. सामोअन आया गायल्या. एक म्हातारा मेकॅनिक ढसाढसा रडत होता. ह्याने त्यांना खेळताना पाहिलेलंही नव्हतं, नुसती गाडी दुरुस्त करताना ओळख.

मी विचार करायचे, ह्या माणसात असं आहे तरी काय? मग एका शनिवारी कळलं. मी क्लबच्या स्वयंपाकघरात सॉसेज भाजत होते. आठवडाभर काउन्सिलच्या काउंटरवर कुत्र्यांची नोंदणी करायची, शनिवारी सॉसेज भाजायचे, असा माझा जन्म चाललाय. ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "मान्जातो?" मला कळेना. त्यांनी पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली. जेवलीस का?

ताई, चौदा वर्षांत ह्या देशात मला हे कोणी विचारलं नव्हतं. 'हाउ आर यू' विचारतात, 'गुड' म्हणायचं, पुढे जायचं. जेवलीस का, असं फोनवर फक्त आई विचारायच्या. "जेवलीस न्हवं?" मग बाकीचं सगळं. मिस्टर तेच विचारायचे, सगळ्यांना, रोज, आणि उत्तर ऐकायला थांबायचे. मी नाही म्हटलं तर ब्रेडमध्ये सॉसेज घालून समोर धरून उभे राहिले, खाल्ल्याशिवाय हलेनात. मी गिळत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. कांद्याचं म्हटलं. बस, इतकंच आहे माझं त्या परक्या पुरुषाशी.

आता पहिला प्रश्न. इथून पुढे 'हे' आणि 'ह्यांनी' लिहायचा कंटाळा आलाय. घरात मी त्याला धैर्यशीलच म्हणते, अरे-तुरे करते. तेही तुमच्यापासून लपवलं होतं.

'ते रापा' नावाच्या गावी, त्या दूध पावडरच्या कारखान्यात, तो २०१९ला गेला. नोकरी चांगली होती, मेन्टेनन्सची. सोमवारी पहाटे जायचं, शुक्रवारी यायचं, दीड तासाचा तर रस्ता. मग शुक्रवारचा शनिवार झाला. मग महिन्यातून दोनदा. भांडण नाही, काही नाही, माणूस नुसता पातळ होत गेला. मी म्हटलं, दमत असेल. मीही दमत होतेच.

आणि २०२३ला क्लबात व्हेनेरी आले. मला वाटलं, देवच पावला! ज्याला उशाशी घेऊन हा माणूस लहानाचा मोठा झाला, तो आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, आमच्याच पोरीला शिकवायला. मी फोन केला, ईशाने केला. धैर्यशील म्हणाला, "बरंय." आला नाही. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या नाही. ईशा विचारायची, "इज डॅड कमिंग?" मी म्हणायचे, शिफ्ट आहे.

एका शनिवारी पावसात सामना चालू होता. ईशा घरी येऊन म्हणाली, "मम, डॅड आला होता. ही वॉज इन द कार. होल गेम. उतरलाच नाही." पार्किंगमध्ये वायपर चालू ठेवून नव्वद मिनिटं काचेतून बघितलं आणि ते रापाला परत गेला. मी फोन करून विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, "काय सांगू त्यांना? मीपण खेळायचो म्हणून सांगू? हे पोट घेऊन?"

तिथे मी जवळ घ्यायला पाहिजे होतं. पण मी सबंध दिवस उभी होते, पाय सुजले होते, आणि पोरगी आतल्या खोलीत उशीत तोंड घालून पडली होती. मी म्हटलं, "गाडीतच बसायचं असेल तर येऊच नकोस." तो खरंच आला नाही. दोन वर्षं. मी म्हटलं म्हणून.

तुमच्या भावाने मला सोडलं नाही, ताई. मी त्याला येऊ नको म्हटलं. आईंना दर रविवारी सांगत राहिले, 'बाहेर गेलेत, झोपलेत, आंघोळीला गेलेत.' तो तिकडून फोन करायचा, तोही तेच सांगायचा, ती स्वयंपाकात आहे. ह्या एका बाबतीत आमचं छान जमलं होतं.

लपवलं ते ह्या बोटाने. आईंना त्रास देऊ नये म्हणता, नाही देणार. पण मग त्यांना सांगणार कोण?

निवेदिता


हेंडरसन, रविवार, ३१ ऑगस्ट

ताई,

तुमची चिठ्ठी आली नाही. पण ईशाकडून कळलं ते तुम्ही चिठ्ठीत लिहिलं नसतंतच.

आईंना अजून पटलेलं नाहीये, म्हणे. धैर्यशील रोज फोन करतो आणि त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, "पोरा, आवाज चांगला काढतोस. अक्षतचा दोस्त का तू?" व्हिडिओ लावून उपयोग नाही, त्यांना आता दिसत नाही. त्यांचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसाला असंच फसवतात. शेजारच्या काकूंना सहा महिने फसवलं होतं, पोरगा दुबईला कामात आहे म्हणून. आणि त्या म्हणतात, "खरं फक्त निवेदिता सांगेल. ती खोटं बोलत न्हाई. तिनंच सांगितलं, मिस्टर गेले. आता तिला फोन करू देईनात, म्हणजे बघा."

ताई, हे ऐकून मी हसले. मग हसू थांबेना, ते देवयानीला फोन करून थांबवावं लागलं. दर रविवारी खोटं बोलणारी मी, आणि आईंच्या लेखी सगळ्या घरात खरं बोलणारी एकटी मीच.

आणि आता सात तारखेला पितृपंधरवडा लागतोय. आईंनी म्हटलंय, धैर्यशीलचा म्हाळ घाला. पहिल्या वर्षी घालत नाहीत म्हणून भटजींनी सांगितलं, तर म्हणाल्या, पुढच्या वर्षी मी कुठली असायला. तुम्ही काय करणार आहात? जित्या भावाचं पान वाढणार? मला माहीत आहे, तुम्ही आईचा शब्द खाली पडू देत नाही. म्हणून आता खरं सगळंच लिहिते, मग तुम्ही ठरवा.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. बोट चुकलं नव्हतं.

तो मेसेज मी 'आपली माणसं'वरच टाकला होता, कारण त्या ग्रुपवर धैर्यशील आहे. त्याला एकट्याला पाठवला असता तर त्याने वाचून बाजूला ठेवला असता. सगळ्यांसमोर टाकायचा होता. ईशा त्यांना मिस्टर म्हणते हे त्याला माहीत होतं. त्याला कळावं: तुझा कोरड्या गेला. दोन वर्षं पाच मिनिटांवर होता आणि तू गाडीतून उतरला नाहीस. पोरगी रडतेय, ती त्यांच्यासाठी रडतेय तशी तुझ्यासाठी रडायचीही आता राहिली नाही. हे सगळं त्या दोन शब्दांत होतं. तो टोमणा होता, ताई. मी टोमणा मारला आणि तुमच्या घराला सुतक लागलं.

आणि खरी गोष्ट याच्याही खालची. लिहिताना एकदाही मनात आलं नाही की मिस्टर म्हणजे नवरा. कुठल्याही मराठी बाईच्या आलं असतं. 'मिस्टर गेले' असं टाइप करताना बोट थबकलं असतं, अगबाई म्हणून पुसलं असतं. माझं थबकलं नाही. तो शब्द धैर्यशीलचा होता हेच मी विसरून गेले होते. मला ह्याची जास्त लाज वाटते. टोमण्याची तेवढी नाही.

एक बरी गोष्ट सांगते, ती फ्लेक्समुळे झाली. अक्षतने त्याचा फोटो मामालाही पाठवला होता. बाविशीतला धैर्यशील, तालमीची जर्सी, गुडघ्याला पट्टी. वर 'आमचा लेफ्ट बॅक' आणि खाली शोकाकुल म्हणून चाळीसेक नावं. कारखान्यातून बाहेर पडून त्याने फोन उघडला तेव्हा स्वतःची श्रद्धांजली बघितली. मला वाटलं, आता हा माणूस माझ्यावर कडाडेल. त्याने फोन केला. मग म्हणाला, "ह्यात संभ्याचं नाव आहे, अगं. ह्यानंच माझा गुडघा मोडला होता." मग म्हणाला, "पंचवीस वर्षं झाली. मला वाटलं होतं कुणाला आठवतही नसेल."

दोन आठवड्यांपूर्वी, शनिवारी, तो आला. मिस्टर गेल्यापासून पोरींना कोच नाही, क्लबने जाहिरात देऊन झाली, कोणी मिळेना. तो त्या पावसातल्या दिवसासारखाच पार्किंगमध्ये गाडीत बसला होता. ईशा गेली आणि दार उघडून म्हणाली, "डॅड, वुई हॅव नो मिस्टर." उतरला, ताई. पोट आत ओढून उतरला.

आता मंगळवार-शनिवार येतो. पोरींना कोल्हापुरीत ओरडतो आणि त्यांना ते बरोबर कळतं, कसं ते देव जाणे. सराव संपला की गाडीत बसून पेट्रोल पंपावरची मीट पाय, म्हणजे खिम्याची पॅटिस, खातो आणि दीड तास परत. माझ्याशी 'हाय' म्हणतो. मीपण 'हाय' म्हणते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. ह्याहून जास्त काही झालेलं नाही आणि मी दमलेय, जास्त काही करायची ताकद माझ्यात आहे असंही वाटत नाही.

पण तो जिवंत आहे हे आईंना सांगायची ताकद आहे. मंगळवारी सराव असतो, तुमच्याकडे साडेअकरा होतात. मी फोन जवळ ठेवून बसेन. ह्या मंगळवारी नाही तर पुढच्या. नंबर तुमच्याकडे आहे, फक्त तो उघडायचा आहे.

निवेदिता


हेंडरसन, बुधवार, १७ सप्टेंबर

ताई,

काल तुम्ही फोन लावलात, एक शब्द न बोलता आईंच्या कानाला लावलात आणि निघून गेलात. चपलांचा आवाज मला ऐकू आला. आईंनी नंतर तुम्हाला काही सांगितलं नसेल, त्या सांगत नाहीत. म्हणून इकडची बाजू लिहिते.

मी 'आई' म्हटलं. त्या म्हणाल्या, "जेवलीस न्हवं?"

मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "आता खरं काय ते सांग. ह्या सगळ्यांनी मिळून मला येड्यात काढलंय. उद्या म्हाळाचं सामान आणायचंय."

मी म्हटलं, "आई, ते आहेत. जिवंत आहेत."

"तूबी?" म्हणाल्या. एवढंच. ताई, त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. त्या नुसत्या 'तूबी' म्हणाल्या. त्या एका शब्दाने मला माझे सगळे रविवार आठवले.

 मी क्लबच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि फोन बाहेर धरला. उजेड जात आला होता, पोरी शेवटचा खेळ खेळत होत्या. आणि धैर्यशील मधोमध उभा राहून बोंबलत होता, "अगं मागं बघ की! मागं! झोपलीस का काय! आगं सोड की तिला, बॉल बघ, बॉल!" ज्या पोरीला ओरडत होता ती सामोअन आहे. तिने मागे बघितलं.

हात दुखेपर्यंत फोन बाहेर धरला. मग कानाला लावला. तिकडून काही आवाज नाही. मला वाटलं, फोन कापला. मग आई म्हणाल्या, "धरला का कानाला?" हो म्हटलं. "हा माझाच," म्हणाल्या. "अशी बोंब दुसऱ्याची न्हाई. तिन्हीसांजेला तीन गल्ल्या ऐकू यायची." आणि रडायला लागल्या, ताई. तुम्ही तेव्हा कुठे होतात?

रडणं झाल्यावर त्यांनी चौकशी सुरू केली. "मग गेलं कोण?"

"दुसरे मिस्टर, आई. इटलीचे. भिंतीवरचे."

"कोरड्या? मेला?"

"नाही हो, घरी गेले. त्यांच्या गावाला."

"मग त्याला गेला म्हणत्यात व्हय?" म्हणाल्या. "घरी गेला म्हंजे आला की."

मग ज्याला मी इतके दिवस भीत होते तो प्रश्न आला. "तुझ्याजवळच ऱ्हातोय न्हवं?"

ताई, हो म्हणणं सोपं होतं. सवयीचं होतं. पण आईंनी नुकतंच मला परत खरं मानलं होतं. मी म्हटलं, "मंगळवारी आणि शनिवारी येतात. एरवी ते रापाला असतात. दोन वर्षं झाली."

 त्यांनी का, कुणी, कशामुळे, काही विचारलं नाही. मी फोन धरून उभी. बाहेर पोरी कोन गोळा करत होत्या. मग म्हणाल्या, "आला म्हंजे जेवायला घालतीस न्हवं?"

"घालते," मी म्हटलं.

"मग झालं," म्हणाल्या. "सुलेखाला बोलीव. म्हाळाचं सामान नको म्हणावं." आणि फोन तसाच कुठेतरी ठेवून दिला. मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत राहिल्या.

ताई, तुम्ही शाळेत चुका लाल शाईने दुरुस्त करायला लावायचात, पाच-पाच वेळा लिहून. 'घालते' हे खोटं होतं. ह्या वेळी आईंना सांगितलेलं पहिलंच खोटं, दहा मिनिटंही झाली नव्हती. मी खिडकीतून बघितलं तर तो गाडीत जाऊन बसला होता, दिवा लावून, पायचं पाकीट सोडत.

घरी काय होतं? सकाळचं पिठलं होतं. पापाटोएटोहून आणलेलं ज्वारीचं पीठ होतं. भाकरी थापायला पाच मिनिटं लागतात, जमल्या तर. हात पुसले आणि पार्किंगमध्ये गेले. इतक्या वर्षांनी चालत त्या गाडीकडे जाताना मला माझ्याच नवऱ्याची लाज वाटत होती, नव्या नवरीसारखी म्हणवत नाही, पण तशीच काहीतरी. काचेवर बोटाने टकटक केलं. तो दचकला. पाय मांडीवर पडली.

काच खाली आली.

मी विचारलं, "जेवलास का?"

धैर्यशीलने पायकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही," म्हणाला.

निवेदिता